दुर्बळ चुंबकत्व आणि जिवंत शरीर : एका वादाचा इतिहास



लोहचुंबकाचा सजीव शरीरावर कांहीं परिणाम होतो काय, हा प्रश्न आतां आपल्याकडे घरोघर येऊन पोंचला आहे. चुंबक शिवलेल्या गाद्या, चुंबकाचीं कडीं, चुंबकावर ठेवून प्यावयाचें पाणी, हे सर्व प्रकार मुंबई-पुण्याच्या बाजारांत विकत मिळतात. आणि ते विकत घेणारींच माणसें घराजवळून जाणाऱ्या विजेच्या मोठ्या तारांकडे भीतीनें पाहतात. एकच शक्ति गादींत शिवली म्हणजे औषध आणि तारेंतून आली म्हणजे विष, असा हा न्याय आहे. दोन्ही पक्षांचे लोक आपल्या समर्थनार्थ पेशींतील आयनांचा हवाला देतात. हा हवाला कोठून आला, आणि तो कितपत खरा ठरला, तें आज सांगावयाचें योजिलें आहे.

प्रथम ‘दुर्बळ’ म्हणजे किती दुर्बळ, तें ठरवून घेऊं. चुंबकक्षेत्र टेस्ला या मापानें मोजतात. त्याचा दहा लक्षावा भाग म्हणजे मायक्रोटेस्ला. आपली पृथ्वी हाच एक मोठा चुंबक असून तिचें क्षेत्र भूपृष्ठावर निरनिराळ्या ठिकाणीं सुमारें २५ पासून ६५ मायक्रोटेस्लांपर्यंत असतें. शाळेंतील साधा पट्टीचुंबक टोकापाशीं याच्या शेंकडों पटींनीं प्रबळ असतो. इस्पितळांत ज्या यंत्रानें शरीराच्या आंतील चित्र घेतात, त्याचें क्षेत्र दीड किंवा तीन टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या तीस हजार पटींहूनही अधिक; आणि रोगी त्यांतून उठून आपल्या पायांनीं घरीं जातो.

एवढें दुर्बळ क्षेत्र सुद्धां मोजतां येतें, इतकेंच नव्हे, तर त्यांतील अत्यल्प फरकही टिपतां येतात, याचा पुरावा मुंबईनजीकच आहे. कुलाब्याच्या वेधशाळेंत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी १८४१ पासून होत होत्या. पुढें शहरांत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें, तेव्हां त्यांच्या विद्युत्प्रवाहानें नोंदी बिघडणार हें ओळखून संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखालीं चुंबकमापनाचें काम १९०४ सालीं अलिबागेस नेण्यांत आलें. तेथील इमारतींत लोखंड वापरलें नाहीं. विजेची ट्राम मुंबईंत धांवूं लागली ती १९०७ सालीं; वेधशाळा तिच्या आधींच समुद्रापलीकडे जाऊन बसली होती! वेधशाळेंतल्या सुईला ट्रामगाडीची बाधा होते, हें निर्विवाद. ट्रामगाडींत बसलेल्या माणसाला ती होते काय? त्याला तशी कांहीं जाणीव नसते. परंतु जाणीव नसतांनाही त्याच्या शरीरांतील एखादा कण हलत असेल, असें कोणीं म्हटलें तर त्यास उत्तर काय द्यावें?

याचें बेधडक उत्तर मेस्मर नांवाच्या व्हिएन्नाच्या वैद्यानें दिलें होतें. १७७४ च्या सुमारास त्यानें रोग्यांच्या अंगावर चुंबक ठेवून उपचार आरंभिले. कांहीं दिवसांनीं त्यास चुंबकाचीही गरज वाटेनाशी झाली. आपल्याच हातांतून ‘प्राणिज चुंबकत्व’ वाहतें, असें तो सांगूं लागला. १७७८ मध्यें तो पॅरिसला आला, आणि त्याच्या दालनांत मोठमोठ्या घरच्या स्त्रीपुरुषांना झटके येऊं लागले. अखेरीस १७८४ सालीं सोळाव्या लुई राजानें चौकशीमंडळ नेमलें. त्यांत बेंजामिन फ्रँकलिन, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए, ज्योतिषी बायी आणि डॉक्टर गिलोटिन असे थोर लोक होते. (यांपैकीं लाव्हाझिए व बायी यांचीं मस्तकें पुढें ज्या यंत्रानें उडविलीं, त्यास या डॉक्टराचेंच नांव पडलें; असो.) फ्रँकलिनच्या पासी येथील बागेंत मेस्मरच्या शिष्यानें जर्दाळूचें एक झाड ‘भारलें’. नंतर बारा वर्षांच्या एका मुलास डोळे बांधून एकेका झाडापाशीं नेण्यांत आलें. चौथ्या झाडापाशीं मुलगा मूर्च्छा येऊन पडला. भारलेलें झाड तेथून चोवीस फूट दूर होतें.

मेस्मरचें खूळ तेथें संपलें नाहीं, पण डोळे बांधण्याची ही युक्ति मात्र शास्त्रास कायमची मिळाली. ज्याच्यावर प्रयोग होतो त्यास, आणि शक्य तर मोजणारासही, खरें काय नि खोटें काय तें ठाऊक नसावें. श्रोत्यांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवावी. पुढच्या सगळ्या वादांत ती वारंवार विसरली गेली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं प्रबळ विद्युच्चुंबक हातीं आले, तेव्हां पुनः परीक्षा झाल्या. १८९२ सालीं एडिसनच्या प्रयोगशाळेंत पीटरसन व केनेली यांनीं मोठ्या चुंबकाच्या क्षेत्रांत एक कुत्रा व नंतर एक मुलगा ठेवून पाहिला. दोघांनाही कांहीं झालें नाहीं. (मुलावर असा प्रयोग करावयास मन कसें धजलें, हें आम्हां मास्तरांस कळणें कठीण आहे.) उलट १८९६ सालीं पॅरिसच्या दारसोंव्हालनें दाखविलें कीं, झपाट्यानें बदलणाऱ्या क्षेत्राच्या वेटोळ्यांत डोकें घातलें असतां डोळ्यांपुढें प्रकाश लुकलुकतो. हें खरें ठरलें आणि त्याचें कारणही कळलें. बदलतें क्षेत्र डोळ्याच्या आंतल्या पडद्यांत विजेचा प्रवाह उत्पन्न करतें. परंतु त्याला पृथ्वीच्या शंभर पटींहून अधिक क्षेत्र लागतें. तेव्हां दुर्बळ क्षेत्राचा प्रश्न जेथल्या तेथेंच राहिला.

आतां शरीराच्या बाजूनें पाहूं. द्रवांतून वीज नेली असतां जे कण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातात, त्यांस फॅरडेनें १८३४ सालीं ‘आयन’ हें नांव दिलें. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ ‘जाणारा’ असा आहे. मीठ पाण्यांत विरघळलें कीं असे विद्युत्भारित कण आपोआप सुटे होतात, हें पुढें कळलें. या कणांचें जिवंत शरीरांत केवढें महत्त्व आहे, तें मात्र एका मदतनिसाच्या हयगयीमुळें उघडकीस आलें. लंडनचा डॉक्टर सिडनी रिंगर हा बेडकाचें हृदय काढून मिठाच्या पाण्यांत धडधडत ठेवीत असे. साधें मीठ व थोडें पोटॅशियम एवढ्यानें हृदय चालतें, अशा अर्थाचा निबंध त्यानें १८८२ सालीं प्रसिद्ध केला. मागाहून त्यास आढळलें कीं, मदतनिसानें ऊर्ध्वपातित पाण्याऐवजीं नळाचें पाणी वापरलें होतें. शुद्ध पाणी घेऊन पाहतो, तों हृदय क्षीण होऊन थांबूं लागलें! लंडनच्या नळाच्या पाण्यांत चुना होता, आणि चुन्यांतील कॅल्शियम हेंच हृदयाला हवें होतें. रिंगरनें १८८३ सालीं हें सर्व स्वतः छापून सांगितलें, आणि त्यामुळेंच त्याचें नांव आज प्रत्येक वैद्यकशाळेंत घेतलें जातें.

कॅल्शियमचें काम आतां चांगलें माहीत झालें आहे. पेशीच्या आंत मोकळें कॅल्शियम बाहेरच्यापेक्षां सुमारें दहा हजार पटींनीं कमी असतें. आवरणांतलें दार क्षणभर उघडलें कीं तें आंत शिरतें, आणि त्यासरशीं स्नायु आकुंचन पावतो, किंवा ज्ञानतंतूच्या टोकाशीं निरोप पुढें दिला जातो. म्हणून ज्यास शरीरावर कोणत्याही सूक्ष्म शक्तीचा परिणाम शोधावयाचा असेल, त्यानें कॅल्शियमवर नजर ठेवावी, हें ओघानेंच आलें.

लॉस एंजेलिस येथील मेंदुसंशोधन संस्थेंत बॉविन आणि रॉस ॲडी यांनीं तेंच केलें. कोंबडीच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचा मेंदु काढून त्याचे दोन सारखे अर्ध करावयाचे. किरणोत्सर्गी कॅल्शियम मिसळलेल्या द्रवांत दोन्ही भिजवून धुवावयाचे. मग एक अर्ध क्षेत्रांत व दुसरें बाहेर, असें वीस मिनिटें ठेवून ताज्या द्रवांत किती कॅल्शियम उतरलें तें मोजावयाचें. १९७५ सालीं त्यांनीं जाहीर केलें कीं, रेडिओच्या लहरींचा जोर सेकंदास १६ वेळां कमीजास्त केला तर मेंदूंतून कॅल्शियम अधिक बाहेर पडतें. याहून फार सावकाश किंवा फार जलद केला तर पडत नाहीं. पुढच्या वर्षीं रेडिओलहर अजीबात काढून सेकंदास ६ किंवा १६ आवर्तनांचें नुसतें दुर्बळ विद्युत्क्षेत्र लाविलें. या खेपेस कॅल्शियमचें बाहेर पडणें शेंकडा १२ ते १५ नीं घटलें. एकदां वाढ, एकदां घट! शिवाय क्षेत्र ठराविक जोराचें असेल तरच परिणाम. अधिक प्रबळ केलें तर परिणाम नाहींसा होई. या चमत्कारिक प्रकारास ‘खिडकी’ असें नांव पडलें.

अमेरिकन सरकारच्या पर्यावरण-संरक्षण खात्याच्या नॉर्थ कॅरोलायनांतील प्रयोगशाळेंत ब्लॅकमन व त्याचे सहकारी हेच प्रयोग करीत होते. त्यांना परिणाम दिसला, पण जेथें ॲडीला घट दिसली तेथें यांना वाढ दिसली. १९८५ सालीं त्यांनीं जें प्रसिद्ध केलें तें वाचून मला रिंगरच्या नळाच्या पाण्याची आठवण झाली. प्रयोगाच्या भांड्यांत एक पदार्थ सर्वांच्या नकळत पूर्वींपासूनच होता. तो म्हणजे पृथ्वीचें चुंबकक्षेत्र. त्या ठिकाणीं तें ३८ मायक्रोटेस्ला होतें, आणि तेथें सेकंदास १५ आवर्तनांनीं कॅल्शियम हले. वेटोळीं लावून पृथ्वीचें क्षेत्र निम्में, म्हणजे १९ वर आणलें, तेव्हां १५ आवर्तनांचा परिणाम नाहींसा झाला. एरवीं निष्फळ असणारीं ३० आवर्तनें क्षेत्र ७६ केल्यावर सफल झालीं. दुप्पट क्षेत्र, दुप्पट आवर्तनें! गणिताची आवड असलेल्या कोणाचेंही मन येथें हुरळून गेल्यावांचून राहणार नाहीं.

तसें तें मिशिगनमधील ओकलंड विद्यापीठाचे प्राध्यापक लिबॉफ यांचें गेलें. त्याच वर्षीं त्यांनीं आपली उपपत्ति मांडली. विद्युत्भारित कण चुंबकक्षेत्रांत वळतो आणि वर्तुळांत फिरूं लागतो. सेकंदास त्याचे फेरे किती व्हावयाचे, हें त्याचा विद्युत्भार, वस्तुमान आणि क्षेत्र एवढ्यांवरच अवलंबून असतें. फिरत्या पाळण्यास योग्य क्षणीं हात लावला म्हणजे तो जसा चढत जातो, तसें त्याच आवर्तनांचें क्षेत्र लाविल्यास आयनाला बळ मिळावें व तो पेशीच्या दारांतून सुलभतेनें जावा. हिशेब करून पाहा : पोटॅशियमच्या आयनाचे ३८ मायक्रोटेस्लांत सेकंदास १५ फेरे होतात. बरोबर १५! कॅल्शियमचे त्याच क्षेत्रांत २९ होतात; तेव्हां मोजलें कॅल्शियम आणि जुळलें पोटॅशियम, अशी एक अडचण राहते खरी. परंतु आंकडा जुळला कीं अशा अडचणी मनुष्य पदरांत झांकून ठेवतो.

हीच पाटी आणखी दोन ओळी पुढें लिहिली असतां काय होतें पाहा. शरीराच्या उष्णतेंत पोटॅशियमच्या कणाचा स्वाभाविक वेग सेकंदास सुमारें ४४५ मीटर असतो. सेकंदास १५ फेरे, म्हणजे एका फेऱ्यास जवळजवळ ३० मीटर अंतर. म्हणजे वर्तुळाची त्रिज्या पावणेपांच मीटरांच्या घरांत आली. एवढें वर्तुळ शाळेच्या वर्गांत मावत नाहीं, तें मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या पेशींत कसें मावावें? आणि वाट मोकळी थोडीच आहे? तो कण सेकंदांत अब्जावधि वेळां पाण्याच्या कणांवर आपटत असतो. जत्रेच्या गर्दींत उभ्या असलेल्या माणसाला फुंकर घालून प्रदक्षिणा करावयास लावावें, तसा हा प्रकार आहे. बर्टिल हाले यानें १९८८ सालीं व येल विद्यापीठाच्या रॉबर्ट ॲडेरनें १९९१ सालीं अशाच स्वरूपाचे आक्षेप सविस्तर मांडले. ॲडेरचें म्हणणें असें कीं, एवढ्या दुर्बळ क्षेत्राचा धक्का शरीराच्या उष्णतेनें कणांना अखंड बसणाऱ्या धक्क्यांत बुडून जातो. रशियांतील पुश्चिनो येथील लेडनेव्ह यानें त्याच वर्षीं उपपत्ति दुरुस्त केली. आयन मोकळा फिरत नसून प्रथिनांत बांधलेला राहून कंप पावतो, असें त्यानें सुचविलें. त्यानें वर्तुळाची अडचण टळली. उष्णतेच्या धक्क्यांची टळली नाहीं.

हा सर्व वाद पंडितांपुरता राहिला असता तर त्याची वार्ता आपल्यापर्यंत आलीही नसती. परंतु १९७९ सालीं वर्थायमर व लीपर या दोघांनीं डेन्व्हर शहरांतील मुलांच्या कर्करोगाची पाहणी करून, आजारी मुलांच्या घरांजवळ मोठ्या प्रवाहाच्या तारा अधिक आढळतात, असें प्रसिद्ध केलें. ज्या घरांत असें मूल असेल, त्या घरच्या माणसांना खिडकींतून दिसणारा विजेचा खांब यापुढें कसा दिसला असेल? कोणत्या तरी मार्गानें क्षेत्र पेशींत शिरतें, एवढें दाखविणें शिल्लक राहिलें होतें. आणि कॅल्शियमचे प्रयोग नेमके तेथें उपयोगीं पडत होते. १९९२ सालीं अमेरिकन विधिमंडळानें या संशोधनास मोठी मदत मंजूर केली. त्याच वर्षीं लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेंतील एका संशोधकानें, घरगुती विजेच्या आवर्तनांचें क्षेत्र रक्तांतील पांढऱ्या पेशींत कॅल्शियमचा ओघ वाढवितें, असे आलेख दोन निबंधांत छापले. तक्रार झाली, चौकशी झाली. सरकारच्या संशोधन-सचोटी कार्यालयानें १९९९ सालीं निर्णय दिला कीं, ते आलेख जाणूनबुजून बदललेले व बनविलेले होते. संशोधकानें दोष कबूल केला नाहीं; तथापि ते मागें घेण्यास व तीन वर्षें सरकारी अनुदानापासून दूर राहण्यास त्यानें संमति दिली.

लोकांनीं या प्रकरणाचाच अधिक गवगवा केला. मला विचाराल तर, एका माणसाच्या खोट्या आलेखांपेक्षां ती प्रामाणिक माणसांची ‘खिडकी’च शास्त्रास अधिक महाग पडली. खोटा आलेख आज ना उद्यां पकडला जातो. परंतु दुसऱ्या प्रयोगशाळेंत परिणाम दिसला नाहीं, तर ‘तुमचें क्षेत्र खिडकीबाहेर असेल’, ‘तुमच्या गांवचें भूचुंबकत्व निराळें असेल’, असें सांगतां येऊं लागलें, कीं चूक ठरण्याची सोयच उरत नाहीं. कोणास परिणाम आढळला, कोणास आढळला नाहीं. कोणास वाढ, कोणास घट. आणि प्रत्येक निकालासाठीं एक नवी खिडकी. ॲडी, ब्लॅकमन, लिबॉफ यांच्या सचोटीविषयीं संशय घेण्याचें कांहींएक कारण नाहीं. तथापि पिल्लाच्या अर्ध्या मेंदूंतला शेंकडा १२ चा फरक, मोजणाराचे डोळे बांधून, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं, तसाच्या तसा उतरला पाहिजे होता. तो उतरला नाहीं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनें १९९६ सालीं, व सरकारच्या पर्यावरण-आरोग्य संस्थेनें १९९९ सालीं, प्रयोगशाळांतील पुराव्यावरून घरगुती क्षेत्रांचा अपाय सिद्ध होत नाहीं, असेंच मत दिलें. मुलांच्या पाहण्यांचा प्रश्न मात्र निराळा आहे. सरासरी ०.४ मायक्रोटेस्लांहून अधिक क्षेत्र असलेल्या थोड्या घरांत मुलांच्या रक्तकर्काचें प्रमाण सुमारें दुप्पट दिसतें, हें अनेक देशांच्या आंकड्यांतून निघालें. त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संस्थेनें २००२ सालीं या क्षेत्रांस ‘कदाचित् कर्करोगकारक’ अशा वर्गांत घातलें. हा ‘कदाचित्’ तेथें आंकड्यांमुळें आला आहे. कॅल्शियमच्या आयनांचा आधार त्याला नाहीं.

मग दुर्बळ क्षेत्र सजीवाला मुळींच कळत नाहीं काय? कळतें, पण आयनांच्या मार्गानें नव्हे. युरोपांतील रॉबिन नांवाचा लहानसा पक्षी (आपल्याकडील दयाळ नव्हे, ती जात निराळी) स्थलांतराच्या ऋतूंत पिंजऱ्यांत ठेवला तरी जावयाच्या दिशेकडेच उड्या मारतो, आणि भोंवतालचें चुंबकक्षेत्र वेटोळ्यांनीं फिरविलें तर त्याची दिशाही फिरते. जर्मनींतील व्हिल्चको यानें १९६० नंतरच्या दशकांत हें दाखविलें. पक्ष्याच्या डोळ्यांतील एका प्रथिनावर प्रकाश पडला म्हणजे जीं रासायनिक जोडपीं उत्पन्न होतात, तीं क्षेत्राप्रमाणें वागत असावींत, ही शुल्टेन यांची कल्पना आज पुष्कळांना संभवनीय वाटते. येथें उष्णतेचे धक्के आड येत नाहींत. कारण सर्व व्यवहार ते धक्के परिणाम करण्याच्या आंतच आटोपलेला असतो.

ओल्डेनबुर्ग विद्यापीठाच्या आवारांत हेच पक्षी लांकडी झोंपड्यांत ठेविले असतां त्यांना दिशा सांपडेना. मौरिट्सन व त्याचे सहकारी यांनीं झोंपड्यांना आंतून ॲल्युमिनियमचे पत्रे लाविले व ते तारेनें जमिनीस जोडले. पक्षी लगेच उत्तराभिमुख झाले. जमिनीची तार सोडविली कीं पुनः वाट चुकत. तार जोडलेली आहे कीं सुटलेली आहे, हें मोजणारांस ठाऊक नव्हतें. पक्ष्यांस तर नव्हतेंच. विद्यार्थी बदलले, वर्षें लोटलीं, तरी उत्तर तेंच येत राहिलें. आणि मग २०१४ सालीं तें छापण्यांत आलें. पक्ष्यांना बाधणारें क्षेत्र विजेच्या मोठ्या तारांचें नव्हतें, मोबाइल फोनचेंही नव्हतें. सेकंदास ५० हजारांपासून ५० लक्ष आवर्तनांपर्यंतचा तो अत्यंत क्षीण गोंगाट होता. विजेच्या उपकरणांतून निघणारा, आणि रेडिओच्या मध्यम लहरींचा. माझे हे शब्द ज्या मध्यम लहरींवरून आपणांपर्यंत येत आहेत, त्या त्याच टप्प्यांत मोडतात.